पाचगणीच्या पठारावरून दिसणारी भाकरी

पाचगणी म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? सिनेमातले घोडे, श्रीमंतांच्या मुलांच्या निवासी शाळा, स्ट्रॉबेरी आणि थंड हवा. आपल्यापैकी पुष्कळांनी पाचगणी पाहिली असेल ती शाळेच्या सहलीत, नाहीतर महाबळेश्वरला जाताना एस.टी.च्या खिडकीतून. काहींचे नातेवाईक तिथल्या हॉटेलात, शाळांच्या भटारखान्यात किंवा बागेत कामाला असतील. पण वाचकहो, या गावाकडे भाकरीच्या बाजूने कोणी पाहत नाही. आज आपण तसे पाहणार आहोत. कारण गरिबाच्या ताटात कोणत्या धान्याची भाकरी पडते आणि ते धान्य सुधारण्याचे काम कोणासाठी चालते, हा प्रश्न पाचगणीच्या पठारावर उभे राहिले म्हणजे फार स्पष्ट दिसतो.

घाट चढताना

पुण्याहून किंवा साताऱ्याहून येणारी गाडी वाईत थांबते. वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळ डोंगरात लेणी कोरलेली आहेत. ती मूळची बौद्ध लेणी. आज त्यांना पालपेश्वर म्हणतात व तेथे महादेवाची पूजा चालते. आपल्या कुटुंबांनी वाईत दोन तास जास्तीचे काढून ही लेणी मुलांना जरूर दाखवावीत. या खोऱ्यातल्या कष्टकऱ्यांनी घासातला घास दिल्यावाचून भिक्खूसंघ डोंगरात वर्षावास करू शकला नसता, हेही मुलांना सांगावे.

वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. खाली धोम धरणाचे पाणी आणि कृष्णेकाठची हिरवी शेती दिसते. वर चढता चढता हवा बदलते, झाडेही बदलतात. रस्त्याच्या दुतर्फा सिल्व्हर ओकची उंच झाडे दिसतात, ती मूळची ऑस्ट्रेलियाची. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वसाहत वसवली. त्याची कबर सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली जागा म्हणून पाचगणी, असे सांगतात. चेसनसाहेबाचे नाव इतिहासात राहिले. घाट फोडणाऱ्यांची, खडी वाहणाऱ्यांची, साहेबांच्या बंगल्यांवर पाणी भरणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर दिसत नाहीत.

एका जिल्ह्याच्या तीन भाकऱ्या

टेबल लँड हे जांभ्या दगडाचे सपाट पठार आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच. येथून पश्चिमेला पाहिले तर महाबळेश्वरचे डोंगर. तेथे वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. खाली वाईला त्याचा लहानसा हिस्साच पोचतो. आणि पूर्वेकडे, नजर पोचत नाही तिथे, खटाव आणि माण हे दुष्काळी तालुके. तेथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. एकाच जिल्ह्यात पावसात दहा-बारा पट फरक!

पावसाप्रमाणे भाकरी बदलते. डोंगरातल्या माणसाची नाचणीची, पूर्वेकडच्या माणसाची बाजरीची आणि ज्वारीची. गव्हाची पोळी ही सणाची किंवा पाहुण्याची गोष्ट होती.

नाचणी ही वरकस, उताराच्या जमिनीवर येते. आधी राब भाजायचा, रोप करायचे आणि मग भर पावसात डोक्यावर इरले घेऊन वाकून लावणी करायची. हे काम बहुतेक बायकांचे. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. इतके गहू-तांदळात नाही. तरी पूर्वी नाचणी खाणारा म्हणजे दरिद्री, अशी हेटाळणी होत असे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले आणि तीच नाचणी बिस्किटात, पापडात, चकचकीत पाकिटात जाऊन बसली. पाचगणीच्या बाजारात पर्यटक ती पाकिटे घेतात. ती पिकवणाऱ्या बाईच्या कंबरेचे दुखणे पाकिटावर छापलेले नसते.

पूर्वेकडच्या खटाव तालुक्याशी आपले नाते फार जवळचे आहे. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण याच तालुक्यात. सावित्रीबाईंचे नायगावही सातारा जिल्ह्यातच, खंडाळा तालुक्यात. आणि खटाव तालुक्यातल्या गोरेगावला सुभेदार रामजी आंबेडकर खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाल्यांनी त्यांना कसे वागवले, ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती अस्पृश्यतेची हकीकत म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण तिच्या मागे दुष्काळ उभा आहे, भाकरीसाठी माती उपसणारी माणसे उभी आहेत, हेही विसरू नये.

मागून आणलेली भाकरी

आपल्या आजी-पणजीच्या काळी भाकरी घरात भाजली जाण्याआधी गावातून मागून आणली जात असे. येसकराची काठी घेऊन, गावकीची राबणूक करून, घरोघर हाळी देऊन आणलेले शिळे तुकडे. ज्वारीचा, बाजरीचा, नाचणीचा असा सगळा मेळ एकाच पाटीत. ते वाळवायचे आणि पावसाळ्यात भिजवून खायचे. कोणत्या धान्याची भाकरी हवी, असे त्या माणसाला कोणी विचारत नव्हते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे मागणे आणि मृत मांस खाणे सोडा, शेतीकडे वळा, असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला पुढे १९५८ साल उजाडले. नंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. तेव्हा कोठे स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या कमाईची, स्वतःच्या पसंतीची भाकरी हे स्वप्न जवळ आले. म्हणून आपल्या घरात भाकरीची चव हा नुसता जिभेचा विषय नाही. पसंती करण्याचा हक्क आपण लढून मिळवलेला आहे.

हायब्रीड आणि मिलो

आता धान्य सुधारण्याकडे वळू. ज्वारीत मालदांडीला तोड नाही, असे कोणतीही आजी सांगेल. हे वाण १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या शेतकी केंद्रावर गावठी मालदांडीतून निवडले गेले. मोतिया रंगाचा टपोरा दाणा, गोड चव, पातळ थापता येणारे पीठ आणि जनावराला भरपूर कडबा. शेतकरी आणि त्याची बायको दोघेही खूश.

१९६४ साली सी.एस.एच.-१ हे पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. पीक भरघोस आले, यात शंका नाही. देशात धान्याची टंचाई होती, त्या काळात त्याने पुष्कळ पोटे भरली. पण लवकर तयार होणारा हा दाणा परतीच्या पावसात सापडला की बुरशीने काळा पडे. भाकरी काळपट होई, लवकर वातट होई. ‘हायब्रीडची भाकर’ हा शब्दच गावोगाव नावे ठेवण्यासाठी वापरला जाऊ लागला. ज्याच्या घरी मालदांडी होती, त्याने हायब्रीड मजुरीत वाटले आणि मालदांडी कणगीत ठेवली. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायला गेलेल्या बायाबापड्यांच्या पदरात अमेरिकेतून आलेली लाल मिलो पडली. त्या देशात मिलो हे मुख्यतः जनावरांचे खाद्य. आपल्याकडे ती माणसांनी खाल्ली आणि जीव जगवला. ज्यांनी ती खाल्ली, ते आजही तिची चव विसरलेले नाहीत.

यातून संशोधकही शिकले. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तेथे ज्वारीच्या वाणांच्या प्रत्यक्ष भाकऱ्या भाजून रंग, चव, मऊपणा आणि शिळी झाल्यावर कशी राहते, याला गुण देण्याची पद्धत बसवली गेली. १९८१ साली ज्वारीच्या दाण्याच्या प्रतीवर तेथे मोठी परिषद भरली. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही रब्बीसाठी फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा, फुले अनुराधा असे वाण दिले. हलक्या जमिनीला वेगळे, भारी जमिनीला वेगळे. भाकरीची प्रत हीही त्यात पाहिली जाते. याच विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र पाचगणीपासून थोड्याच अंतरावर महाबळेश्वरला आहे. गेरवा म्हणजे गव्हाच्या पानावर पडणारा तांबूस रोग. तो दमट, थंड हवेत फोफावतो. म्हणून कोणते वाण रोगाला टिकते, याची परीक्षा या डोंगरावर घेतली जाते. पर्यटक ज्या थंड हवेसाठी पैसे मोजतात, तीच हवा गव्हाच्या वाणांची कसोटी घेते.

मक्याची गोष्ट

टेबल लँडवर घोडेवाल्यांच्या शेजारी कणसे भाजणाऱ्या बायका बसतात. लिंबू, मीठ आणि तिखट लावलेले कणीस पर्यटक हौसेने खातात. हॉटेलात कॉर्न पॅटीस मिळते. एका आक्कांना मी विचारले, “आक्का, घरी मक्याची भाकरी करता का?”

“करतो की दादा,” त्या म्हणाल्या, “पर गरम हाय तवर. गार झाली की खापरीवाणी हुतीया. आन् ह्यो गोड मका भाकरीचा न्हवं. ह्यो निस्ता खायाचा.”

आक्कांनी दोन वाक्यांत मक्याच्या वाणांचा सगळा प्रश्न मांडला. मक्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून कढत पाण्याने उकड काढावी लागते. दाण्याच्या अंकुरात तेल असते, त्यामुळे पीठ साठवले की खवट होते, विरी जाते. शिवाय गोड मका वेगळा, लाह्यांचा वेगळा, कोंबडीचा वेगळा आणि भाकरीचा वेगळा. भाकरीला पांढरा, टणक पण दळल्यावर मऊ पीठ देणारा दाणा लागतो.

मका मूळचा मेक्सिकोचा. तेथील मूळ रहिवाशांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतातून तो घडवला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या काळात आला असे मानतात. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, साल काढतात, ओला वाटतात आणि मग त्याची ‘तोर्तिया’ नावाची भाकरी भाजतात. चुन्यामुळे पीठ चिकट होते, कॅल्शियम वाढते आणि मक्यात अडकून बसलेले एक जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपियनांनी मका नेला, पण बायकांची ही रीत नेली नाही. परिणाम असा झाला की इटलीत, स्पेनमध्ये आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला. कातडी सोलते, हगवण लागते, डोके भ्रमते. पुष्कळ डॉक्टर त्याला संसर्ग म्हणत होते. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून अभ्यास करून दाखवले की हा रोग अपुऱ्या, निकृष्ट आहाराचा आहे. म्हणजे गरिबीचाच. आपल्या दख्खनमध्येही ज्वारीवरच जगणाऱ्यांत हा रोग आढळला आणि हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० मध्ये त्यावर संशोधन प्रसिद्ध केले. भाकरीबरोबर डाळ, भाजी आणि दूध का हवे, याचे हे उत्तर आहे.

भारतात मका सुधारण्याची अखिल भारतीय योजना १९५७ साली सुरू झाली. १९६१ मध्ये गंगा, रणजीत, डेक्कन अशी पहिली संकरित वाणे आली. १९६७ मध्ये विजय, किसान, अंबर ही संमिश्र वाणे आली. या दोहोंतला फरक आपल्या माणसाने नीट समजून घ्यावा. संकरित बियाणे दरवर्षी दुकानातून विकत घ्यावे लागते, कारण घरचे बी पुढच्या पिढीत फुटते. संमिश्र वाणाचे बी चांगली कणसे निवडून दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते. दोन एकरवाल्याला हा फरक फार मोठा आहे.

आणखी एक गंमत. मक्याचा तुरा वर आणि कणीस मध्ये. परागकण वाऱ्याने उडतात. शेजाऱ्याने पिवळा मका लावला असेल तर तुमच्या पांढऱ्या कणसात त्याच हंगामात पिवळे दाणे उमटतात. म्हणून बियाण्याच्या प्लॉटभोवती दोनशे मीटर अंतर मोकळे ठेवण्याचा नियम आहे. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडाच दोन गुंठ्यांचा, त्याने दोनशे मीटर कोठून आणावे? एकट्याने वाण राखता येत नाही. गाव मिळून राखावे लागते. सातपुड्यात हे झाले आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात आदिवासी कुटुंबांचे मक्याची भाकरी हे रोजचे अन्न. तेथे बाएफ या संस्थेच्या मदतीने शेतकऱ्यांनी देशी मका आणि ज्वारीच्या वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्या. कोणते बी राखायचे, हे खाणारी माणसेच ठरवतात.

इतरत्र मात्र मक्याचा मोठा वाटा कोंबडीखाद्य आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो, आणि अलीकडे इथेनॉललाही. पश्चिम महाराष्ट्रात वैरणीसाठी आफ्रिकन टॉल हे वाण घरोघर माहीत आहे. जनावराच्या वैरणीचे वाण नावाने मागितले जाते, कोंबडीच्या मक्याला हमीभाव जाहीर होतो. पण भाकरीच्या मक्याचे नाव दुकानदाराला विचारा, तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. कोरोनाच्या काळात राज्यात सरकारने खरेदी केलेला मका काही जिल्ह्यांत रेशनवर आला. पिवळा, कठीण. पुष्कळ घरांनी तो दळून पाहिला आणि शेवटी कोंबड्यांना घातला. लोकांना माज आला, असे बोलणारे तेव्हा होते. खरे म्हणजे तो दाणा भाकरीसाठी निवडलेलाच नव्हता.

गरिबासाठी मका सुधारता येत नाही, असेही नाही. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत असा एक मका सापडला की ज्यात शरीराला हवे ते प्रथिन दुपटीच्या आसपास होते. परंतु दाणा मऊ, भुसभुशीत, किडीला सोपा. १९७० च्या सुमारास भारतात त्याची शक्ती, रतन, प्रोटिना अशी वाणे निघाली, ती टिकली नाहीत. मग मेक्सिकोतील संस्थेत आपले भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वासल आणि तेथील रसायनशास्त्रज्ञ एव्हांजेलिना व्हिलेगास यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने काम करून तेच प्रथिन टणक दाण्यात आणले. २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात २००५ मध्ये हरियाणातून एच.क्यू.पी.एम.-१ हे वाण आले. म्हणजे विज्ञान उपलब्ध आहे. ते आपल्या तव्यापर्यंत आणायचे राहिले आहे.

आपण काय करावे

भगवान बुद्धांची आळवी नगरीतली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. हरवलेला बैल शोधून एक गरीब शेतकरी उशिरा, उपाशीपोटी धम्म ऐकायला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि तोपर्यंत सारी सभा थांबवली. भुकेल्या माणसाला आधी अन्न, मग उपदेश. पण अन्न म्हणजे कोठार रिकामे करण्यासाठी दिलेले काहीही नव्हे.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. ज्यांच्याकडे गावी थोडी जमीन आहे, त्यांनी घरच्या खाण्यापुरता भाकरीचा मका, नाचणी किंवा ज्वारी लावावी. वस्तीतील चार घरांनी एकच वाण एका पट्ट्यात लावावे, म्हणजे बी शुद्ध राहील. दुकानात बियाणे घेताना ‘भाकरी कशी होते?’ हे विचारावे आणि पावती जपून ठेवावी. शहरातल्या महिला मंडळांनी डोंगरातल्या बायकांकडून थेट नाचणी घ्यावी, म्हणजे पाकिटवाल्याचा नफा पिकवणारीला मिळेल. रेशनवर भरडधान्य येणार असेल तर ते कोणत्या वाणाचे, भाकरीला चालते का, हा प्रश्न दक्षता समितीत लेखी मांडावा. मक्याचे पीठ थोडे थोडे दळावे, उकड काढून थापावे आणि मुलांना सोबत डाळ द्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या मुलामुलींना कृषी पदविका आणि पदवीकडे पाठवा. मुलगा हुशार निघाला की आपण डॉक्टर, इंजिनिअर, फार तर बँक एवढाच विचार करतो. शेती म्हणजे पुन्हा गावकी, पुन्हा पाटलाचा वाडा, ही भीती समजण्यासारखी आहे. पण राहुरीच्या विद्यापीठाला ज्या महात्म्याचे नाव आहे, त्यानेच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतीच्या शिक्षणाचा आणि सुधारणेचा आग्रह धरला होता. जिच्या आईने आयुष्यभर भाकरी थापली, ती मुलगी उद्या प्रयोगशाळेत बसली तर वाण पास करण्याआधी पीठ मळून पाहील, भाकरी गार होईपर्यंत थांबेल आणि संध्याकाळी ती मोडून पाहील. खाणाऱ्याला विचारल्याशिवाय वाणावर शिक्का मारायचा नाही, हे तिला वेगळे शिकवावे लागणार नाही.

पाचगणीला जाल तेव्हा स्ट्रॉबेरी जरूर खा. पठारावर उभे राहून पश्चिमेकडची नाचणी आणि पूर्वेकडची ज्वारी मुलांना बोटाने दाखवा. आणि वाईची लेणी पाहायला विसरू नका.

जयभीम.